अध्यक्षांची तब्येत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे माझे केस कापणे. तेही अर्धंच झालं.

किचनच्या मागच्या दाराशी खुर्ची, माझ्या गळ्याभोवती जुना टॉवेल, आणि मागे कात्री घेऊन माझी बायको. इंग्लंडात, स्लाऊला आल्यावर मी न्हाव्याकडे एकदाच गेलो होतो. परत आलो तर माझ्याकडे बघून म्हणाली, याला कापणं म्हणत नाहीत, कुरतडणं म्हणतात. तेव्हापासून कात्री तिच्याकडे. माझं डोकं काळ्याचं पांढरं झालं ते तिच्याच हाताखाली.

एप्रिलची दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं. डावी बाजू झाली, कानामागचं झालं. मग ती थांबली.

"हात भरून आला. उजवी बाजू उद्या."

"अर्धं डोकं घेऊन मी जाऊ कुठे?"

"जायचंय कुठे तुम्हाला? उपाध्यक्षाकडे कोण बघतं?"

मग तिने बसूनच चहा घेतला. मी ग्लासगोचा विषय काढला. आमची एकुलती मुलगी तिथे दवाखान्यात फिजिओ आहे. तिचं म्हणणं, हे घर विकून दोघांनी तिच्याकडे राहायला यावं. ईस्टरच्या सुट्टीत येऊन तिसऱ्यांदा सांगून गेली होती. आधी दोनदा बायकोने "व्हेटो" म्हटलं होतं आणि विषय संपला होता. या वेळी व्हेटो नाही, होकार नाही, नुसतंच गप्प.

"पोरगी रोज फोनवर विचारते," मी म्हणालो. "काय ते एकदा सांगून टाक."

तिने बिस्किट चहात बुडवलं, मऊ झालेलं नीट सांभाळून तोंडात टाकलं आणि म्हणाली, "उद्या सांगते."

संध्याकाळच्या बातम्या लागायच्या आधी सोफ्यावर बसल्या बसल्या ती एका अंगावर कलली. अँब्युलन्स लगेच आली. त्यांनी करायचं ते सगळं केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत बाई गेली होती. उजवी बाजू राहिली, ग्लासगोचं राहिलं.

आता हे उपाध्यक्ष आणि व्हेटो काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना वाटेल म्हातारा बायको गेल्यापासून बरळतोय. बरळत नाही. आमच्या घरात अमेरिकेचा राज्यकारभार चालायचा. घर स्लाऊचं, माणसं मनमाडची, चहा इथल्या दुकानातला, पण कारभार अमेरिकेचा.

झालं असं की आम्ही नवीन आलो तेव्हा हिला इंग्रजी येत नव्हतं. मला तरी कुठे येत होतं, मी सातवी. पण मी वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचो, तिथे "लेफ्ट", "राइट" आणि चार शिव्या आल्या की पुरे. ही पॅकिंगला होती आणि हिला बोलायची हौस. म्हणून जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमधून इंग्रजी शिकायला एक पुस्तक आणलं. मुलांचं होतं, मोठी अक्षरं, पानोपानी चित्रं. घरी येऊन बघते तर अमेरिकेचे सगळे अध्यक्ष आणि त्यांचे अधिकार. शेजारच्या फळीवर सशाचं पुस्तक होतं, ते घ्यायला हवं होतं असं मी म्हणालो. ती म्हणाली, सशाला अधिकार असतात का?

त्या एका पुस्तकावर ती इंग्रजी शिकली. परिणाम असा की तिचं इंग्रजी व्हाइट हाउसमधून आल्यासारखं. पहिल्यांदा एकटी डॉक्टरकडे गेली आणि काउंटरवरच्या बाईला अध्यक्षाच्या शपथेतल्या शब्दांत म्हणाली, "आय डू सॉलेम्नली स्वेअर, थ्री डेज कफ." त्या बाईने तिला त्याच दिवशीची अपॉइंटमेंट दिली. आता स्लाऊत राहणाऱ्यांना विचारा, त्याच दिवशीची अपॉइंटमेंट कुणाला मिळते. बसमध्ये कुणी रांग मोडली की ही म्हणायची, "दिस इज अनकॉन्स्टिट्यूशनल." माणूस गुपचूप मागे जायचा. पॅकिंगच्या पट्ट्यावर सुपरवायझरने एकदा चहाची सुट्टी कमी केली, तेव्हा हिने त्याला विचारलं, कोणत्या कलमाखाली? त्याने कलम शोधलं नाही, सुट्टी परत दिली.

आमच्या बैठकीत भिंतीवर आपल्या देशाच्या घटनेचं पहिलं पान चौकटीत लावलेलं आहे. त्याच्याखाली बसून ही अमेरिकेचं पुस्तक वाचायची. मी एकदा म्हणालो, घरची घटना सोडून दुसऱ्याची कशाला? तर म्हणाली, घरची पाठ आहे. आणि मग एक बोलली ते मला अजून आठवतं. "अहो, ज्याचा अधिकार कागदावर लिहिलेला असतो, त्याची हद्दसुद्धा लिहिलेली असते. आमच्या वस्तीवर पोलीस पाटील यायचा त्याचा अधिकार कुठे लिहिला होता? म्हणून त्याला हद्दच नव्हती." असं ती कधीतरीच बोलायची. बाकी वेळ खेळच.

खेळात ती अध्यक्ष. मी उपाध्यक्ष. ही नेमणूक मला विचारून झाली नव्हती.

"उपाध्यक्षाला काम काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दोन कामं. रोज सकाळी अध्यक्षाची तब्येत विचारायची. आणि मतं सारखी पडली तर आपलं मत टाकायचं."

मी हिशेब केला. घरात माणसं दोन, मतं कायम सारखीच पडणार, म्हणजे प्रत्येक वेळी निकाल माझ्या हातात. मी खूश. आठवड्याभरात भाजी कुठली आणायची यावर वाद झाला. एक मत एक मत झालं. मी म्हणालो, आता माझं जास्तीचं मत. ती म्हणाली, "ते सिनेटमध्ये. हे किचन आहे."

पण पहिलं काम मी इमानाने केलं. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी जिन्याखाली उभं राहून वर हाक मारायची, "अध्यक्षांची तब्येत?" वरून आवाज यायचा, "आहे अजून. तुम्ही चहा टाका." एवढंच. भांडण झालेलं असलं तरी हे चुकलं नाही. उलट भांडणानंतर ती "आहे अजून" जरा मोठ्याने म्हणायची, मला निराश करायला.

चार वर्षांनी निवडणूक. नोव्हेंबरातला तो ठरलेला मंगळवार ती विसरायची नाही. एका वर्षी मी विरोधात उभा राहिलो. जाहीरनामा साधा होता, चामड्याची मागे कलणारी खुर्ची आणि शनिवारी मटण. मतदान झालं, एक-एक. मी म्हणालो, बरोबरी. ती म्हणाली, थांबा, अमेरिकेत नुसती डोकी मोजत नाहीत. कुठल्या राज्याला किती प्रतिनिधी ते बघतात. किचनला जास्त प्रतिनिधी, बैठकीला कमी, आणि गॅरेजला तर जेमतेम. तुम्ही गॅरेज जिंकलंत.

आठ वर्षं झाल्यावर मी कायदा काढला. टीव्हीवर ऐकलं होतं, दोन वेळाच अध्यक्ष होता येतं. ती पुस्तक उघडूनच बसली. "हा बघा चाकाच्या खुर्चीतला. चारदा निवडून आला. दोनदाचा नियम त्याच्यानंतर आला. मी त्याच्या आधीची."

"तू त्याच्या आधी जन्मलीस?"

"कारभार त्याच्या आधीचा."

चामड्याची खुर्ची शेवटपर्यंत आली नाही. व्हेटो. व्हेटो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. दोन माणसांच्या घरात दोन तृतीयांश म्हणजे एक माणूस आणि दुसऱ्याचा एक पाय. मी म्हणालो, पाय देतेस का? नाही दिला.

दर जानेवारीत राष्ट्राच्या स्थितीवर भाषण. ही जिन्याच्या पायरीवर उभी, खाली मी, आणि पुढे मुलगी मोठी झाल्यावर ती आणि जावईसुद्धा. "बॉयलर म्हातारा झाला आहे. उपाध्यक्षांचे गुडघेही. पण कुंपण मजबूत आहे आणि फ्रीजरमध्ये सहा महिन्यांची मेथी आहे." अमेरिकेत अर्धे लोक उठून टाळ्या वाजवतात आणि अर्धे तोंड पाडून बसतात म्हणे. आमच्याकडे लोक कमी, म्हणून दोन्ही कामं माझ्याकडे. एका वाक्याला उठून टाळ्या, पुढच्या वाक्याला बसून तोंड वाकडं. गुडघ्यांची जी स्थिती ती सांगायची, ती या उठबशीनेच झाली होती.

जावई स्कॉटलंडचा, लाल दाढीचा, साधा माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं महाराष्ट्रात सासू जिन्यावरून बोलते अशी रीत असेल. तो अदबीने शेवटपर्यंत उभा राहिला. ही मला नंतर म्हणाली, चांगला आहे, परराष्ट्रमंत्री करू.

अध्यक्षाचा सगळ्यात मोठा अधिकार कुठला, असं कुणी विचारलं तर लोक म्हणतात, सैन्य, बॉम्ब. ती म्हणायची, माफी. "सैन्याचे पैसे संसदेकडे मागावे लागतात. व्हेटो संसद मोडू शकते. हुकूम पुढचा अध्यक्ष पहिल्या सकाळी फाडून टाकतो. पण माफी एकदा दिली की दिली. कुणाला विचारायचं नाही, आणि मागून येणाऱ्याला परत घेता येत नाही."

या अधिकाराचा पहिला फायदा एका टर्कीला झाला. नाताळात आमच्या वेअरहाऊसमधून प्रत्येकाला गोठवलेली टर्की मिळायची. पहिल्या वर्षी मी ती खांद्यावर टाकून आणली, दगडासारखी. ओव्हनमध्ये मावेना. हिने ओव्हनचं दार लावून बघितलं, गुडघ्याने ढकलून बघितलं, मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "व्हाइट हाउसमध्ये दरवर्षी एका टर्कीला माफी देतात. हिला दिली."

"ती मेलीय," मी म्हणालो.

"मेलेल्यालासुद्धा देता येते. पुस्तकात आहे."

माफी दिलेली टर्की खाता येत नाही. ती फ्रीजरमध्ये राहिली. तिच्या बगलेत वाटाण्याच्या पिशव्या, पोटात मेथी. दुसऱ्या वर्षीची टर्की मी घाबरतच आणली. ती म्हणाली, आमच्या कारभारात एकच, हिला नाही. हिचे तुकडे करून काळ्या मसाल्यात शिजवले, छान झाली होती. ती दुसरी बिचारी काय चुकली होती, हे मला आजपर्यंत कळलं नाही. पहिली मात्र वर्षानुवर्षं फ्रीजरमध्ये जिवंत असल्यासारखी राहिली, पाहुण्यांना दाखवली गेली, आणि फ्रीजर बिघडला तेव्हा तिला मागच्या बागेत सन्मानाने पुरलं. मला तोंडाने बिगूल वाजवावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा उकरलेला आणि हाडं कुंपणापर्यंत. कोल्हा. ही खिडकीतून बघत म्हणाली, "त्याला ते कायदे लागू नाहीत. तो इंग्लंडचा."

माफीचा दुसरा मानकरी मी. दर एक जानेवारीला चहाच्या कपाबरोबर मला माफी मिळायची, "गेल्या वर्षभरात केलेल्या आणि अध्यक्षांना न समजलेल्या सर्व गुन्ह्यांबद्दल."

"मी काही केलंच नाही."

"तरी घेऊन ठेवा. लागते."

मी तोंड वाकडं करून घ्यायचो. आता वाटतं, बाई हिशेब पुढचा ठेवून गेली.

आणखी एक काम माझ्याकडे होतं, बॅगचं. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या मागे एक माणूस काळी बॅग घेऊन चालतो, त्यात बॉम्बचा मामला असतो. आमच्यात ती हिची पर्स. सुपरमार्केटमध्ये ही ट्रॉली घेऊन पुढे आणि मी पर्स छातीशी धरून मागे. शेजारी नाही चालायचं, मागे. आत काय तर इनहेलर, आलेपाक, घराच्या किल्ल्या आणि कुठल्या तरी सेफ्टी पिना. मला लाज वाटायची असं नाही. एकदाच, वेअरहाऊसमधला एक पंजाबी दोस्त दुधाच्या रांगेत भेटला. माझ्या हातातल्या लाल पर्सकडे बघून म्हणाला, "भाई, ये क्या?" मी म्हणालो, अणुबॉम्ब. त्याने पुढे कधी काही विचारलं नाही.

खऱ्या अध्यक्षांच्या राजकारणात तिला रस नव्हता. हल्लीचं कुणी टीव्हीवर दिसलं की आवाज बंद करायची. म्हणायची, "खुर्चीकडे बघायचं, बसणाऱ्याकडे नाही. बसणारे येतात तसे येतात." पण जुन्यांच्या गोष्टी मला औषधासारख्या द्यायची, ज्या दुखण्याला जी लागू पडेल ती. माझ्या कमी शिक्षणावरून विहारात एकदा एक नवा आलेला, मोठ्या हुद्द्याचा माणूस बोलून गेला. मी घरी गप्प बसलो होतो. तिने वाटीत शेंगदाणे आणून ठेवले आणि म्हणाली, "तो लाकडी खोपटात जन्मलेला, उंच टोपीवाला, सगळी मिळून वर्षभरसुद्धा शाळेत गेला नव्हता. तुम्ही सात वर्षं गेलात. जरा जास्तच शिकलात."

आणि दुसरी गोष्ट टोपीची. ती मी हजार वेळा ऐकली असेल. एक अध्यक्ष होता, म्हातारा. शपथ घेतली त्या दिवशी थंडी मरणाची. आपण कसे धडधाकट आहोत हे दाखवायला कोट नाही घातला, टोपी नाही घातली, आणि उघड्यावर लांबच लांब भाषण ठोकलं. महिन्यात गेला. "एवढं निवडून येऊन एक महिना," ती म्हणायची. "टोपी घाला." जुलै सोडला तर माझ्या डोक्यावर लोकरीची टोपी असायची ती त्या माणसामुळे. घराबाहेर बिनटोपीचं जायचं नाही, हा तिचा कायमचा हुकूम. मी फाटकापर्यंत जायचो आणि मागून "महिन्यात गेला" एवढंच ऐकू यायचं. परत येऊन टोपी घ्यायची.

ग्लासगोचं दोन वर्षांपासून चाललं होतं. तिच्या छातीचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून मी ग्लासगोच्या बाजूने. मला पावसाची, थंडीची भीती नव्हती. मला जिन्याची भीती होती. ही जिन्यावर पडली तर माझ्याने उचलवणार नाही, हे मला रोज संध्याकाळी तिला वर चढताना बघून कळायचं. हे मी तिला सांगितलं नाही, पण आमच्यात न सांगितलेलं फार काळ टिकत नसे.

तिचं म्हणणं वेगळं. पहिल्या व्हेटोच्या वेळी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, तिथे तुला काहीच करायला लागणार नाही."

"तेच," ही म्हणाली. "मुलीच्या घरी आई म्हणजे माजी अध्यक्ष. सगळे उठून उभे राहतात. मान असतो, किल्ली नसते."

"किल्ली देते ना मी. दोन देते."

"दिलेली किल्ली वेगळी, पोरी."

दुसऱ्या व्हेटोला कारण दिलं नाही. तिसऱ्या वेळी गप्प. आता या गप्प बसण्याचासुद्धा कायदा आहे. संसदेने अध्यक्षाच्या टेबलावर बिल ठेवलं आणि दहा दिवस त्याने सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही, तर बिल आपोआप कायदा होतं. पण त्या दहा दिवसांत संसदच उठून गेली, तर बिल मेलं. त्याला खिशातला व्हेटो म्हणतात. अध्यक्षाने खिशात घातलं आणि विसरला, असं. हे आमच्या घरात मुलीला नर्सरीपासून माहीत आहे.

बाई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी पहिल्या विमानाने आली. मी किचनमध्ये त्याच खुर्चीवर बसलो होतो. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल तसाच, खाली पांढरे केस तसेच. मी झाडले नव्हते. तिने बॅग ठेवली, माझ्याकडे बघितलं, डोक्याची डावी बाजू, उजवी बाजू, आणि सगळं समजली. किटली लावली. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "पप्पा, तब्येत कशी आहे?"

तिच्या मनात काही नव्हतं. कुणीही विचारतं तसं विचारलं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे अजून. तू चहा टाक."

ती वळली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. किटली बंद झाली तरी बघत होतो. या कारभारात जागा रिकामी राहत नाही, एवढं त्या पुस्तकात मीही वाचलं होतं. अध्यक्ष गेला त्या क्षणी उपाध्यक्ष अध्यक्ष होतो. शपथ नंतर. रडायचं असेल तर तेही नंतर.

चहा पिऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही आता माझ्याबरोबर चला. मम्मी हो म्हणणार होती. आय नो."

"तुला काय म्हणाली होती?"

"म्हणाली, उद्या सांगते."

"मलाही तेच."

"ईस्टरपासून दहा दिवस होऊन गेले." मुद्दा सोडत नव्हती, आईचीच पोरगी. "नो साइन, नो व्हेटो. म्हणजे कायदा झाला."

"संसद बसलेली असेल तर."

"बसलेली आहे. तुम्ही आहात, मी आहे."

"आणि ती?"

कपाळ टेबलाला टेकवून ती रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो. मग नाक पुसत, मान वर न करताच म्हणाली, "ओके. बिल मेलं. मी नवीन आणते. आता तुम्ही प्रेसिडेंट. सही करा."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, फार वेळ नाही केला. मी ग्लासगोला हो म्हणत होतो ते जिन्यासाठी. आता त्या जिन्यावरून पडणारं, उचलायला लागणारं कुणी नव्हतं. मी पडलो तर पडलो. आणि हुकावर तिची किल्ली लटकत होती, दिलेली नव्हे, घरचीच.

"व्हेटो," मी म्हणालो.

"पप्पा, डोन्ट. तुम्हाला भातसुद्धा लावता येत नाही."

"चहा येतो. तिथून पुढे शिकेन."

"मी ओव्हरराइड करेन."

"दोन तृतीयांश आण."

"तुमचा एक पाय द्या," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग मीही हसलो. कालपासून पहिल्यांदा. हसलो आणि बरगड्यांत दुखलं.

दवाखान्यात जायचं होतं, बायकोचे कपडे आणि कागद आणायला. मुलगी कात्री घेऊन आली. "निदान उजवी बाजू करते. लोक बघतील."

"राहू दे."

"पप्पा, हे फार विचित्र दिसतं."

"दिसू दे. डावीकडचे तिने कापलेत. तू उजवीकडचे कापशील, मग दोन्ही सारखे होतील, मग कुठले तिचे ते मला कळायचं नाही."

तिने कात्री खिडकीत ठेवली. तिची आई ठेवायची तिथेच.

मी किल्ली हुकावरून काढून खिशात घातली, दार उघडलं, आणि सवयीने बाजूला होऊन उभा राहिलो, ती आधी बाहेर पडेल म्हणून. मागून मुलगी म्हणाली, "चला ना, पप्पा. पुढे व्हा." मी बघितलं तर आईची लाल पर्स तिने छातीशी धरली होती, मी धरायचो तशीच. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पुढे झालो. फाटकापर्यंत गेलो. सकाळी वारा होता, कापलेल्या बाजूला गार लागत होतं. मागून कुणी काही म्हणालं नाही. आता तो हुकूम माझ्या हातात होता, पहिल्या सकाळी फाडून टाकता आला असता. कोण विचारणार होतं?

मी मागे फिरलो. मुलगी म्हणाली, "काय विसरलात?"

"तुझ्या मम्मीचा तो एक जण होता," मी म्हणालो, "महिन्यात गेला."

आत जाऊन टोपी घेतली, दोन्ही कानांवरून नीट खाली ओढली, आणि पुन्हा पुढे झालो.